मोजणी ऑफिसातला तिमेक

रेगिना कुबिकने एकतीस वर्षं दुसऱ्यांची ऑफिसं झाडली. लिपोवा गावातून तीनची बस पकडून ती निसा शहराला यायची. चारला माणसं घरी निघाली की तिचं काम सुरू व्हायचं. आधी नोटरीचं ऑफिस, मग जनावरांच्या डॉक्टरचा दवाखाना, आणि शेवटी जमीन मोजणीचं सरकारी कार्यालय. नवरा अलोइझ वीटभट्टीवर होता, तो गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे, आणि गावात कुणी विचारतही नसे.

शेजारच्या घरात सिल्विया आणि मार्चिन राहायला आले तेव्हा सिल्वियाला सातवा महिना होता. सप्टेंबरात तिमेक झाला. सिल्विया बेकरीत कामाला परत गेली, तसं पोर दुपारपर्यंत रेगिनाकडे राहू लागलं. चालायला ते रेगिनाच्या स्वयंपाकघरातच शिकलं, आणि तिसऱ्या वर्षी पडायला लागलं तेही तिथेच. आधी वाटलं, बूट मोठे असतील. रेगिनाने बूट बदलले. मग वाटलं, फरशी गुळगुळीत आहे. तिने सतरंजी अंथरली. शेवटी ओपोलेच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, की ह्याचे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणार, आणि ते थांबवायचं औषध आज तरी त्यांच्याकडे नाही. चाकांची खुर्ची लागेल, श्वासाचं मशीन लागेल, रोजचा व्यायाम लागेल.

गावाने हात आखडता घेतला नाही. चर्चच्या दाराशी मोडीत विकायला बाटल्यांच्या झाकणांचं पिंप ठेवलं गेलं, शाळेने भंगार गोळा केलं. रेगिनाला वाटलं, आपण काय गोळा करणार? आपल्याला मिळतो तो लोकांच्या ऑफिसातला कचरा. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्या कचऱ्यात दर आठवड्याला प्रिंटरची दोनतीन रिकामी कार्ट्रिज असतात, आणि नोटरीच्या टायपिस्टने एकदा म्हटलं होतं, की ही विकत घेणारी माणसं असतात, पुन्हा भरून विकतात.

असा माणूस सापडला. वाल्देक नावाचा. व्हॅन घेऊन तीन महिन्यांनी एकदा यायचा, केळ्यांच्या खोक्यांत भरलेला माल एकेक उचलून उजेडात धरायचा.

“बाई, ह्यातली निम्मी आधीच कुणीतरी उघडून भरलेली आहेत. हा स्क्रू बघा, कसा खरवडलाय. मला काय म्युझियम काढायचंय?”

“मग मला कसं कळायचं?”

“स्क्रूला ओरखडा नाही, चिकटपट्टी शाबूत, कुठे भोक पाडलेलं नाही, तर ते खरं. कंपनीतून निघाल्यावर पहिल्यांदाच रिकामं झालेलं. मला तेवढीच हवीत. आणि ऐका, हात गरम पाण्याने धुऊ नका. आतली शाईची पूड गरम लागली की वितळते आणि कातडीत बसते. गार पाणीच.”

दुसऱ्या खेपेला रेगिनाने एकही खोटं कार्ट्रिज दिलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी पेपरं अंथरून ती माल निवडायची, आणि समोर उशांवर टेकून बसलेला तिमेक तिचा तपासनीस होता. प्रत्येक कार्ट्रिज तो कानाशी धरून हलवायचा.

“आज्जी, ह्यात अजून आहे.”

“किती आहे?”

“एका पत्राएवढं.”

पाचव्या वर्षी त्याला ते उचलवेनासं झालं. मग रेगिना त्याच्या कानाशी धरून हलवायची आणि तो तितक्याच गंभीरपणे निकाल द्यायचा. दोघांच्या नाकाला काळं लागलेलं असायचं. सिल्विया दारातून म्हणायची, “मावशी, माझं पोर तुम्ही कोळशाच्या खाणीत पाठवलंय का?” आणि हसायची. त्या दिवसांत ती हसायची.

ऑफिसांतून लावायला सिल्वियाने एक कागद केला होता. पिवळी टोपी घातलेल्या तिमेकचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘तिमेकसाठी तुमची रिकामी कार्ट्रिज’. नोटरीने तो दाराला लावला, जनावरांच्या डॉक्टरने वजनकाट्यावर. पण ज्याने तो खरा मनावर घेतला तो मोजणी ऑफिसातला इग्नात्सी.

इग्नात्सी नकाशांचा दप्तरदार होता. मुख्य इमारतीमागे, अंगणापलीकडे, एका लांबट खोलीत जुने नकाशे होते आणि त्यांच्यात तो एकटा. लग्न केलं नव्हतं, आई होती ती वारली होती. सगळे चारला निघून जात, हा सातपर्यंत बसे, कारण घरी जाऊन करायचं काय, असं तो स्वतःच म्हणे. त्याने अख्ख्या कार्यालयाला शिस्त लावली. रिकामं कार्ट्रिज नव्याच्या खोक्यात घालायचं, खोक्यावर तारीख टाकायची, आणि त्याच्या खोलीतल्या खिडकीखालच्या फळीवर आणून ठेवायचं. फोटो त्याने टेबलासमोर टाचला.

“माझा तपासनीस काय म्हणतो, रेगिनाबाई?”

“म्हणतो, मागच्या खेपेच्या तीन खोक्यांत अजून शाई होती. सरकारी माणसं उधळी आहेत म्हणतो.”

“बरोबर आहे त्याचं. वर कळवतो.”

रद्द झालेले नकाशे तो गुंडाळी करून तिमेकसाठी द्यायचा. पाठची बाजू कोरी आणि कागद असा जाड, की रंग खाली उतरायचा नाही. तिमेकने त्यांवर गाढवं काढली, ट्रॅक्टर काढले, वाल्देकची व्हॅन काढली. इग्नात्सीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. एकदा रेगिना म्हणाली, या की रविवारी, सूप असतं, नूडल्स असतात. तो म्हणाला, येतो, उन्हाळ्यात येतो. उन्हाळ्यात निळी खुर्ची आली, गावात बँड वाजला, पण इग्नात्सी लाजला आणि आला नाही.

पुढच्या जानेवारीत तिमेकला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस ओपोलेच्या हॉस्पिटलात होता. दहाव्या दिवशी सकाळी मार्चिनने फोन केला, आणि रेगिनाने तो घेतला तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. तिला समजलं. ती म्हणाली, “मी चर्चमध्ये सांगून येते. तू तिच्याजवळ थांब.”

जमीन गोठली होती. खड्डा खणायला दोन दिवस लागले.

नंतर रेगिनाने जिथे जिथे तो कागद लावला होता तिथून काढून आणला, कारण सिल्वियाला बाजारात कुठेही तो चेहरा अचानक दिसू नये. नोटरी उठून उभा राहिला, टायपिस्ट रडली. जनावरांच्या डॉक्टरने कागद स्वतः अलगद सोडवून दिला. मोजणी ऑफिसात दप्तराची खोली बंद होती. इग्नात्सीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तो दोन महिने रजेवर होता. मुख्य इमारतीतल्या मुलींना बातमी कळली होती. त्यांना वाटलं, त्यालाही कळली असेल; त्याच्याशी तो विषय कुणी काढला नाही, आणि खोकी सवयीने जमत राहिली.

मार्चच्या मध्यावर तो परत आला. त्या दिवशी रेगिनाने बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. बादली खाली ठेवायची आणि सरळ सांगून टाकायचं. पण ती आत गेली तेव्हा तो काळा चष्मा लावून उभा होता, फळीवर अकरा खोकी रांगेने लावलेली होती, आणि त्याच्या हातात नकाशांची जाड गुंडाळी होती.

“दोन महिने झाले, रेगिनाबाई. तपासनीस रागावला असेल माझ्यावर. हे त्याला द्या. काय म्हणतोय?”

“सर्दी झालीय त्याला,” रेगिना म्हणाली.

एवढंच. पुढच्या सोमवारी सांगू, असं तिने ठरवलं. पुढच्या सोमवारी त्याने विचारलं, सर्दी उतरली का, आणि ती म्हणाली, उतरली.

तिथून ते थांबलं नाही. पहिले काही आठवडे तिला घरी गेल्यावर अन्न गोड लागत नसे. मग एक दिवस तिच्या ध्यानात आलं की बसमध्ये आपण आज काय सांगायचं ह्याचा विचार करतोय, आणि त्या विचाराने छातीवरचा दगड जरा सरकतोय. सप्टेंबरात तिमेक शाळेत गेला. तिकडे पहिलीच्या पोरांना पहिल्या दिवशी कागदाचा भलामोठा शंकू देतात, खाऊने भरलेला. इग्नात्सीने त्यासाठी चॉकलेटची पिशवी आणून ठेवली होती. रेगिनाने ती घेतली. घरी खायला धजली नाही, टाकवेनाही. दोन दिवसांनी चर्चच्या गरिबांच्या टोपलीत ठेवून आली. शुक्रवारी तिने इग्नात्सीला सांगितलं की पोराने शंकू मांडीवर घेतला तेव्हा तो दिसेनासा झाला, नुसती टोपी दिसत होती.

मग त्याचे पुढचे दात पडले. मग त्याची बाई कडक निघाली. मग वर्गातल्या एका पोराशी त्याचं भांडण झालं आणि मिटलं. इग्नात्सी सगळं लक्षात ठेवायचा. “पण त्या दोमिनिकशी तर अबोला होता ना?” असं विचारायचा, आणि रेगिनाला आदल्या महिन्यात आपण काय सांगितलं ते आठवावं लागायचं. शाळेजवळच्या तलावात तिमेकला पोहायला शिकवतात, पाण्यात म्हणे त्याचं अंग हलकं होतं, असंही तिने एकदा सांगितलं. आणि ते सांगताना तिला तो खरंच पाण्यावर तरंगताना दिसला.

गुडघे दुखायला लागले होते. नोटरीचं काम तिने सोडलं, दवाखाना सोडला. मोजणी ऑफिस सोडलं नाही. तिथून मिळालेली कार्ट्रिज ती घरी आणायची आणि तळघरात, बटाट्यांच्या कप्प्याशेजारी, लोणच्याच्या बरण्यांखाली लावायची. वाल्देकला तिने येऊ नको म्हणून सांगितलं होतं. कुणाच्या नावाने विकणार? नकाशांच्या गुंडाळ्याही तिथेच उभ्या होत्या, कोऱ्या.

सिल्विया तेव्हा दर शनिवारी कबरस्तानात जायची आणि इतर दिवशी कुठेच जात नसे. अडीच वर्षांनी ती आणि मार्चिन घर विकायला निघाले. तिची आई ल्युब्लिनकडे होती, तिथे मार्चिनला काम मिळत होतं. विक्रीसाठी हद्दीच्या नकाशाचा उतारा लागतो. तो आणायला जुलैतल्या एका सकाळी सिल्विया मोजणी ऑफिसात गेली. मुख्य इमारतीतल्या मुलीने तिला दप्तराच्या खोलीत पाठवलं.

त्या दुपारी ती रेगिनाच्या दारात आली. आत आली, बसली नाही. पिशवीतून एक पत्र्याची चपटी पेटी काढून टेबलावर ठेवली. त्यात कंपास, पट्टी, कोनमापक.

“तिथल्या एका साहेबांनी दिलं,” ती म्हणाली. “माझं नाव-गाव वाचून उभेच राहिले. म्हणाले, तुम्ही तिमेकची आई. म्हणाले, तिसरीत जातोय, आत्ता लागणार नाही, पण आकृत्या चांगल्या काढतो असं ऐकलंय, पुढे लागेल.”

रेगिनाच्या हातात बटाटा सोलायची सुरी होती. ती तिने खाली ठेवली.

“तू काय म्हणालीस?”

“थँक यू म्हणाले. काय म्हणणार? तो माणूस इतका खूश होता मावशी, मला खरं सांगवेना. त्याने मला खुर्ची दिली. पाणी दिलं. त्याच्या भिंतीवर माझ्या पोराचा फोटो आहे.” ती थांबली. “कधीपासून?”

“मार्चपासून. त्याच वर्षीच्या.”

“आणि तिथे काय काय करतो माझा तिमेक?”

रेगिनाने सांगितलं. काही लपवलं नाही. दात, शंकू, दोमिनिक, कडक बाई. सिल्विया टेबलाची कड धरून ऐकत राहिली. पोहण्याचं आलं तेव्हा तिने मान हलवली.

“नाही. पाण्याला भ्यायचा तो. आंघोळीलासुद्धा माझी मान सोडायचा नाही. ते का सांगितलंत?”

“चुकलं माझं.”

“तुमच्याकडे तो मोठा होत होता,” सिल्विया म्हणाली. आवाज चढला नव्हता. “अडीच वर्षं. शाळेत जात होता, भांडत होता. मी दर शनिवारी तिथे जाऊन बसत होते आणि माझ्याकडे तो सहाचाच राहिला. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की मला सांगावं?”

“सांगितलं असतं तर तू मला बंद कर म्हणाली असतीस.”

“हो. म्हणाले असते.”

बाहेर मार्चिन गाडीत सामान भरत होता, डिकी आपटल्याचा आवाज आला. सिल्वियाने पेटी उचलून पुन्हा पिशवीत टाकली.

“हे मी ठेवते. त्या साहेबांना तुम्ही सांगा. मला जमलं नाही.”

रेगिना सोमवारी गेली. ह्या वेळी तिने वाक्य जुळवलं नाही. इग्नात्सी नकाशाची घडी घालत होता, ती पुरी होईपर्यंत ती थांबली.

“तिमेक नाहीये, साहेब. तुम्ही डोळ्यांसाठी रजेवर होतात, त्या जानेवारीत गेला.”

त्याने आधी ऐकलंच नाही असं वाटलं. घडी फळीवर ठेवली, वरची धूळ पुसली. मग तो खुर्चीवर बसला आणि टेबलावरचं स्टेपलर सरळ केलं, मग पेन्सिल सरळ केली.

“कुठल्या तारखेला?”

“एकोणीस.”

“एकोणीस जानेवारी,” तो म्हणाला. “म्हणजे मी अठराला पट्टी सोडून घरी आलो होतो. मी आलो असतो, रेगिनाबाई. मातीला आलो असतो. काळा कोट आहे माझ्याकडे.” जरा वेळाने तो म्हणाला, “तुम्ही माझ्याकडून ते काढून घेतलंत.”

ती क्षमा मागायला लागली, तर त्याने हात वर केला. रागाने नव्हे, समोरचा फार मोठ्याने बोलत असला की करतात तसा. त्या दिवशी तिने फरशी पुसली तेव्हा तो बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. पुढच्या आठवड्यात फळी रिकामी होती. कार्ट्रिज आता ठेकेदार कंपनी नेते, असं मुख्य इमारतीतल्या मुलीने सांगितलं. फोटो भिंतीवर तसाच होता. इग्नात्सी नमस्कार म्हणायचा, त्याहून जास्त नाही. सप्टेंबर संपता संपता रेगिनाने ते कामही सोडलं. गुडघ्यांचं कारण दिलं, आणि गुडघे खरंच गेले होते.

तोवर सिल्विया आणि मार्चिन निघून गेले होते. निरोपाला सिल्विया आली होती, दारातच उभी राहिली. मग दोन पावलं पुढे येऊन तिने रेगिनाच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि गाडीत जाऊन बसली.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, दुपारच्या बसमधून इग्नात्सी लिपोवात उतरला. अंगात काळा कोट होता, हातात कुंडीतली शेवंती. त्याने रेगिनाचं घर विचारत विचारत शोधलं.

“वाट दाखवा,” तो म्हणाला.

कबरस्तान चढावर आहे. दोघंही सावकाश चालत गेली, दोनदा थांबून. इग्नात्सीने टोपी काढली, दगडावरच्या तारखा वाचल्या आणि ओठांतल्या ओठांत हिशेब केला.

“सहा वर्षं चार महिने.”

“हो.”

शेवंती ठेवायला तो वाकला, तर त्याला उठताना तिला हात द्यावा लागला. मग बराच वेळ तो उभा राहिला. खाली रस्त्यावरून बिटाने भरलेले ट्रॅक्टर जात होते.

“तुम्ही मला सांगायचात,” तो म्हणाला, “त्यातलं खरं काय होतं?”

रेगिनाने विचार केला. तिला घाईने उत्तर द्यायचं नव्हतं.

“टोमॅटोचं सूप आवडायचं नाही हे खरं. रविवारच्या उरलेल्या सुपात मी सोमवारी टोमॅटो घालायची, तर तोंड फिरवायचा. बदकांना नावं द्यायचा, तेही खरं. एका बदकाचं नाव त्याने मोजणीसाहेब ठेवलं होतं.”

“माझ्यावरून?”

“तुम्हाला पाहिलं नव्हतं ना त्याने. म्हणायचा, असंच चालत असतील.”

इग्नात्सी हसल्यासारखा झाला, आणि मग त्याला रडू फुटलं. मोठ्या माणसाला सवय नसते तसं, खोकला यावा तसं. रेगिना त्याच्याकडे न बघता शेजारी उभी राहिली.

“आणि पोहणं?” तो चेहरा पुसून म्हणाला.

“नाही. पाण्याला भ्यायचा.”

“बरं झालं सांगितलंत.”

चारच्या बसने तो गेला. पुन्हा आला नाही, नाताळला एक कार्ड मात्र आलं, नुसतं नाव लिहिलेलं. पुढच्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला असं तिने ऐकलं, आणि नंतर कुठे राहायला गेला ते कुणाला सांगता आलं नाही.

तळघरातली खोकी हिवाळ्यापूर्वी हलवायला हवी होती, भिंतीला ओल धरली होती. रेगिनाने वाल्देकला फोन लावला. तो आला, एकेक कार्ट्रिज उजेडात धरलं आणि डोकं खाजवलं.

“बाई, माल एक नंबर होता. एकसुद्धा उघडलेलं नाही. पण हे प्रिंटर आता कुणाकडे राहिलेत? भरून विकायचं तरी कुणाला? दोन वर्षांपूर्वी का नाही बोलावलंत?”

तो म्हणाला, मोडीत नेऊन टाकतो, निदान प्लास्टिक वितळवतील. दोघांनी मिळून खोकी वर आणली. वीसबावीस पायऱ्या होत्या, त्यामुळे दुपार गेली. नकाशांच्या गुंडाळ्यांना त्याने हात घातला तेव्हा ती म्हणाली, “त्या राहू दे.”

फेब्रुवारीत सिल्वियाचा फोन आला. मुलगी झाली होती, सगळं ठीक होतं. नाव अजून ठरायचं होतं.

“मावशी, मला आता यायला जमायचं नाही. वर्षातून एकदा जमलं तर. तुम्ही त्याच्याकडे जाल का?”

“जाईन.”

“शनिवारी. दहाच्या सुमारास. मी त्या वेळेला जायचे.”

“बरं.”

रेगिना जाते. काठी टेकत चढ चढते, वाळकी पानं काढते, फुलांचं पाणी बदलते, दगड ओल्या फडक्याने पुसते. पुसणं तिला येतं. तिथे ती कुणाशी काही बोलत नाही.